सर सय्यदांनी पुन्हा लिहिलेला ग्रंथ

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेली मुले निबंध अलंकारांनी भरतात. त्यात सन नसतो, आधार नसतो. त्यांना सर सय्यद अहमद खान यांच्या ‘आसार-उस-सनादीद’ची हकीकत जरूर सांगावी.

दिल्लीच्या इमारतींवरचा हा ग्रंथ १८४७ साली निघाला, तोही नटव्या उर्दूत. सर सय्यद तेव्हा दिल्लीत मुन्सफ होते. १८५४च्या आवृत्तीसाठी त्यांनी तो नव्याने लिहिला. भाषा साधी केली, सन नीट लावले, आधारग्रंथांचे उल्लेख दिले.

तीन वर्षांनी उठाव झाला. त्यानंतर इंग्रजांनी अकबराबादी मशीद पाडली. आज तिचा शोध घेणाऱ्याला याच ग्रंथातली नोंद उपयोगी पडते.

विद्यार्थ्याने पहिला मसुदा पुन्हा का लिहायचा, हे त्याला यावरून समजेल.