यवतमाळची फ्री मेथडिस्ट मंडळी : कोणी स्थापली, कोणी टिकवली?



यवतमाळात कोणालाही विचारा, इथलं चर्च कोणी सुरू केलं? उत्तर ठरलेलं असतं: "अमेरिकन मिशनरी लोकांनी." हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. राहिलेल्या अर्ध्याबद्दल आज बोलायचं आहे.

सुरुवात थोडी लांबून करू या. १८४७ साली हेंड्रिक स्खोल्टे नावाच्या एका पाळकाबरोबर काहीशे डच लोक अमेरिकेतल्या आयोवात गेले आणि त्यांनी पेला नावाचं गाव वसवलं. मायदेशातल्या सरकारमान्य चर्चपासून ते फुटले होते, त्यामुळे त्रास होत होता. त्यात बटाट्यावर रोग पडला. मग घरदार, बायबल, स्तोत्रं सगळं घेऊन ते निघाले. आपल्याकडे एखादं कुटुंब गाव सोडताना देव्हारा सोबत नेतं, तसंच हे. तिथे चर्च स्थापणारे आणि त्यात बसणारे लोक एकच होते. पहिल्या पिढ्या डच भाषेत प्रार्थना करत, पुढे नातवंडं-पतवंडं इंग्रजीत करू लागली. लोक तेच राहिले, भाषा बदलली.

आपल्याकडेही डच आले होते. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. पण ते व्यापाराला आले होते, गाव वसवायला नाही. यवतमाळची गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. इथे आलेले लोक व्यापारी नव्हते आणि कायमचे वस्तीला आलेलेही नव्हते. ते आले, राहिले, परत गेले. पण त्यांनी सुरू केलेली मंडळी इथेच राहिली. मग ती कोणाची म्हणायची?

आता 'फ्री मेथडिस्ट' या नावाकडे येऊ. यातल्या 'फ्री'चा अर्थ बऱ्याच जणांना माहीत नसतो. हे चर्च १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन या गावी स्थापन झालं. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स हे त्याचे प्रमुख. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक चर्चांत बाकं भाड्याने दिली जात. पैसेवाल्यांचं कुटुंब पुढच्या बाकावर, गरीब मागे किंवा उभे. रॉबर्ट्स म्हणाले, हे चालणार नाही, चर्चमधली जागा सगळ्यांना मोफत हवी. गुलामगिरीलाही या लोकांचा विरोध होता. म्हणून 'फ्री'.

आता हाच विचार वऱ्हाडात आणून बघा. इथे बाकाचं भाडं नव्हतं, पण कोणी कुठे बसायचं हे गावात जन्मापासून ठरलेलं होतं. ओटा कोणाचा, पायरी कोणाची, आणि वेशीबाहेर कोण, हे सांगावं लागत नव्हतं. अशा मुलखात 'कोणीही कुठेही बसा' हे वाक्य अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी जड होतं. ते प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी पाळलं गेलं असा दावा मी करणार नाही. भारतातल्या अनेक चर्चांत जात दारातून आत आलीच. पण निकष काय होता, हे नावातच लिहिलेलं होतं.

अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ च्या जानेवारीत मुंबईला उतरलं. फ्री मेथडिस्टांपैकी भारतात आलेले हे पहिले. आधी बऱ्हाणपूर, मग वऱ्हाड असा त्यांचा प्रवास. पुढे १८९० च्या दशकात यवतमाळ हे या मिशनचं केंद्र झालं. तेव्हा जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, वणी होतं, इंग्रजी कागदांत 'वून'. १९०५ मध्ये ते बदललं. मिशनऱ्यांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते. नागपूरकडे स्कॉटिश, अकोला-अमरावतीकडे अलायन्स, यवतमाळला हे.

या कामाचा मोठा भाग बायकांनी उचलला. रॉबर्ट्स स्वतः स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी या मताचे होते. १८९१ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. पण त्यांच्याच चर्चने ते मान्य केलं नाही. म्हणजे ज्या बाईला मायदेशी पूर्ण पाळकपद मिळत नव्हतं, ती इथे शाळा, दवाखाना, अनाथाश्रम सांभाळत होती.

अनाथाश्रम म्हटलं की दुष्काळ आलाच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ. दुसऱ्याने वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं. हा कापसाचा मुलूख, पैसा खेळता असलेला. पण कापूस खाता येत नाही. पाऊस गेला, धान्य महागलं, मजुराच्या हाताला काम उरलं नाही. आईबाप गेलेली, टाकलेली मुलं मिशनांकडे आली. पंडिता रमाबाईंनी याच काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला नेल्या, तोच हा प्रसंग.

इथे एक अवघड प्रश्न आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. भुकेल्या मुलाला भाकर दिली आणि सोबत धर्म दिला, हे योग्य का? टीका तेव्हाही झाली, आजही होते. मला वाटतं, ती टीका ऐकून घेतली पाहिजे. पोट रिकामं असताना केलेली निवड मोकळी नसते. पण त्याच टीकेत एक खोट आहे. ती त्या मुलाला कायम मूलच समजते. ते मूल वाचलं, शिकलं, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली. तीस-चाळीस वर्षांनी मिशनचं अन्न सुटलं असतानाही ते दर रविवारी मंडळीत येत राहिलं. तो निर्णय त्याचा स्वतःचा होता. माझ्या लेखी मंडळीची खरी स्थापना ती.

शिवाय मिशनरी एकटा काय करणार होता? गावोगाव फिरायला बायबलबाई होती, शाळेत मास्तर होता, पुस्तकं विकणारा होता, रोग्याजवळ रात्रभर बसणारी परिचारिका होती. त्या काळचे मिशनचे अहवाल वाचले की मिशनऱ्याचं नाव पूर्ण सापडतं, आणि या माणसांचा उल्लेख येतो 'आमची बायबलबाई', 'आमचा मास्तर' असा.

भाषेचंही तसंच. पेलाचे लोक आपली भाषा घेऊन गेले. इथे आलेल्यांना मराठी शिकावी लागली. पण छापील बायबलची मराठी वेगळी, आणि बाजारातली वऱ्हाडी वेगळी. त्यात जिल्ह्यात गोंडी, कोलामी, बंजारा, शेजारी तेलुगू. परक्या शब्दाला इथल्या जिभेवर बसवलं ते इथल्याच माणसांनी. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीला उपासनेत आणलं, तेव्हापासून मराठी मंडळ्यांत पेटी-टाळावर गाणं सहज झालं.

आता स्वातंत्र्यानंतर. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. फ्रँक क्लाइन हे पहिले प्राचार्य. देशभरातून विद्यार्थी येऊ लागले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. १९५६ च्या अहवालात मिशनऱ्यांवर कडक टीका होती. पण त्यात एक सूचना अशीही होती, की भारतीय ख्रिस्ती लोकांनी परदेशी मदतीवर न विसंबता आपलं स्वतंत्र चर्च उभारावं. सूचनेमागचा हेतू काही असो, प्रश्न नेमका होता : देणारा गेला तर तुम्ही उभे राहाल का?

त्याचं उत्तर काळाने दिलं. मिशनरी एकेक करून परतले. १९८३ मध्ये सेमिनरीही पुण्याला, बिबवेवाडीला हलली. मंडळी मात्र इथेच आहे. वर्गणी इथली, पाळक इथला, भांडणं इथली आणि ती मिटवणारेही इथलेच.

पण इतिहास अजून परत आलेला नाही. या चर्चचं मोठं दफ्तर अमेरिकेत, इंडियानापोलिसला आहे. तिथे मिशनऱ्यांची पत्रं मिळतील, कारण पत्रं त्यांनी लिहिली. तुमच्या आजीने पत्रं लिहिली नाहीत. तिची खूण असेल ती बाप्तिस्म्याच्या वहीत, लग्नाच्या नोंदीत, कबरीवरच्या दगडात, एखाद्या शाळेच्या हजेरीपटात. वहीला वाळवी लागते, दगडावरची अक्षरं झिजतात.

म्हणून यवतमाळ, वणी, दारव्हा, उमरी या भागातले जे कोणी ऐकत असतील त्यांना माझी विनंती आहे. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाजवळ बसा, फोनवर त्यांचा आवाज टिपा. "आपण इथे कसे आलो?" एवढंच विचारा. 'आमची बायबलबाई' हिला नाव होतं, आणि ते सांगू शकणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.