तुराटी, पऱ्हाटी आणि साहेबाचा प्रश्न

तुरीची तुराटी, तर कपाशीची काय? यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला हा प्रश्न विचारून पाहा. तो तुमच्याकडे जरा संशयानेच बघेल. इतके सोपे कोणी विचारते का, असा चेहरा करील आणि 'पऱ्हाटी' म्हणून मोकळा होईल. हाच प्रश्न पुण्यामुंबईच्या एखाद्या हुशार मुलाला घाला. तो कपाळाला आठ्या घालील, पाठ्यपुस्तके आठवील आणि बहुधा गप्प बसेल. त्याला तर्क करता येत नाही, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. वेचण्या संपल्यावर वाळलेल्या झाडांचे भारे सरपणाला घरी येताना त्याने पाहिलेले नाहीत, एवढेच.

शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक पुस्तकांत या प्रकाराला 'समसंबंध' म्हणतात. पहिल्या दोन पदांचे जे नाते, तेच तिसऱ्या-चौथ्यात शोधायचे. हाच समसंबंध इंग्रजी शब्दांत आला, त्याच्या जोडीला समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, विसंगत पद आणि परिच्छेद वाचून काढायचे अनुमान आले, की शब्दांवरच्या तर्काची ती सारी पलटण तयार होते, जिच्याशी आज बँकेच्या, सैन्याच्या, कायद्याच्या आणि केंद्रीय नोकऱ्यांच्या परीक्षांना बसणारी आपली मुले झुंजत असतात. कोरडवाहू कपाशीच्या भरवशावर ज्या घराचे भागत नाही, त्या घरातल्या मुलाला ही झुंज म्हणजे काही गंमत नव्हे. यवतमाळच्या शेतकऱ्याचे हाल वर्तमानपत्रांतून साऱ्या देशाने वाचले आहेत. त्या घरातून निघालेला मुलगा अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत का बसतो, हे निराळे सांगायला नको.

हा समसंबंध साहेबाने आणला, असा आपला एक समज आहे. पण तेराव्या शतकातला 'दृष्टान्तपाठ' उघडून पाहावा. चक्रधरस्वामींचे वचन हे सूत्र, त्याला त्यांनीच दिलेली गोष्ट हा दृष्टान्त, आणि त्या गोष्टीचा मूळ सूत्राशी धागा जोडून देणारे केशिराजबासांचे दार्ष्टान्तिक, अशी त्याची तिहेरी बांधणी. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट त्यात आहे. गोष्टीतल्या हत्तीला जे आंधळे, ते मूळ विचारात कोणाला कोण, हे ताडून पाहणे म्हणजे समसंबंधच नव्हे का? महानुभावांचे रिद्धपूर यवतमाळच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. आमच्या मुलखाला शब्दांवरचा तर्क नवा नाही. नवे होते ते एवढेच, की तो तर्क परक्या भाषेत करून दाखवावा आणि त्यावर पोट अवलंबून असावे.

ही गाठ पडली १८५५ साली. कंपनी सरकारच्या नोकऱ्या तोवर वशिल्याने मिळत; त्या वर्षापासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. मेकॉले साहेबाच्या समितीने तिचा आराखडा आखला होता. घोकंपट्टीला वाव नको, उमेदवाराची सर्वसाधारण बुद्धी कळावी, हा हेतू कागदावर मोठा उदात्त होता. परंतु गुणांची वाटणी पाहिली की हेतूचा रंग उतरतो. ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. ज्याच्या घरी रघुवंश वाचला गेला त्याची सर्वसाधारण बुद्धी, ज्याच्या घरी होमर वाचला गेला त्याच्या निम्मी, असा हा हिशेब!

या परीक्षेत पहिल्या महाराष्ट्रीय उमेदवाराची जी कहाणी झाली ती मुळी शब्दार्थाचीच आहे. १८६९ साली श्रीपाद बाबाजी ठाकूर उत्तीर्ण झाले; त्याच वर्षी बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जीही. दोघांचीही नावे वयाच्या सबबीवर यादीतून काढण्यात आली. विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेल्या वयावरून ते मर्यादेपलीकडे जात होते. आपल्याकडे 'मुलाला सोळावे लागले' म्हणजे पंधरा पुरी झाली, सोळावे चालू आहे. दप्तरात सोळा लिहिले गेले आणि साहेबाने ते सोळा पुरे असे वाचले. प्रकरण लंडनच्या न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे आयोगाने पड खाल्ली आणि दोघांनाही १८७१ मध्ये नोकरीत घेतले. परीक्षेतले सारे शब्द ज्यांना उमगले, ते एका 'सोळा' या शब्दात अडकले! अर्थ शब्दात असतो की बोलणाऱ्याच्या रीतीत, हा प्रश्न त्या दोघांनी प्रश्नपत्रिकेबाहेर सोडवून दाखवला म्हणायचे.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती आला. आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ मध्ये वेगळा निघाला, तो पुढे वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या वणीलाच २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले, ज्यांना पुढे सारा देश लोकनायक बापूजी अणे म्हणून ओळखू लागला. त्यांच्या शिक्षणाचा मार्ग पाहावा. महाविद्यालयासाठी नागपूरचे मॉरिस कॉलेज, आणि त्या कॉलेजचे विद्यापीठ कोणते, तर कलकत्त्याचे! नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९२३ मध्ये आणि अमरावतीला १९८३ मध्ये. वणीच्या पोराने शिकायचे नागपुरात, इंग्रजीत लिहायचे, आणि निकाल लागायचा हुगळीच्या काठी. असे असूनही १९०८ च्या सुमारास ते यवतमाळात वकिली करू लागले, १९३० च्या जुलैत पुसदला जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले, आणि उतारवयात लोकमान्यांचे चरित्र लिहायला बसले ते संस्कृत काव्यात. त्या 'तिलकयशोऽर्णवा'ला १९७३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला. इंग्रजीच्या चाळणीतून पार झालेला माणूस शेवटी हवी ती भाषा निवडू शकतो. चाळणीत वर उरलेल्याला ती मुभा नसते. अर्थात अण्यांसारखे किती, हाही प्रश्न आहेच.

जे अणे नव्हते त्यांचा आधार तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, या दळणावर आपल्या तीन-चार पिढ्या पोसल्या. तिच्या पाठोपाठ १९३० नंतरच्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. यातला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता, आणि फ्रेंच परदेशी पलटणीवरची 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी त्याचीच, हे किती जणांना ठाऊक असेल? कर्मणि-कर्तरीच्या रुक्ष रकान्यांमागे एक साहसकथाकार बसला होता. माझ्या मते या दोन्ही पुस्तकांचा एक गुण आज हरवत चालला आहे. ती वाक्य घडवायला लावत. आजच्या सराव-पुस्तकांत चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा असतो; गोल काळा करणारा मुलगा शेकडो शब्द ओळखतो, पण त्यांतल्या एकाचेही वाक्य त्याच्याकडून होत नाही.

आता या चार पर्यायांच्या परीक्षेचे मूळ पाहू. ते आपल्याकडच्या खेड्यापासून फार दूर, पण खेड्यातच आहे. १९२१ साली इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थंबरलंड परगण्याच्या अधिकाऱ्यांना एक काळजी पडली. मोफत माध्यमिक शिक्षणाच्या जागांसाठी शहरी शाळांतून मुले येत. दुर्गम खेड्यांतल्या कित्येक शाळांतून एकही अर्ज येत नसे. तिथे हुशार मुले नाहीत, हे कसे शक्य आहे? न्यूकॅसलचे प्राध्यापक गॉडफ्रे टॉमसन यांना त्यांनी विचारले. टॉमसन यांनी शब्द आणि तर्क यांच्या चाचण्या तयार केल्या, ज्यांत शाळेत काय शिकवले यापेक्षा मुलाचे डोके कसे चालते हे कळावे. पुढे ते एडिंबरोला गेले आणि तिथल्या मोरे हाऊसच्या नावाने या चाचण्या देशभर पसरल्या. म्हणजे ज्या कसोटीने आज खेड्यातला मुलगा अडतो, ती जन्माला आली खेड्यातल्या मुलाला वर काढण्यासाठी. या विषयाच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते.

मग ती उलटली कशी? एक तर या चाचण्यांचा सराव करता येतो. १९५२ मध्ये फिलिप व्हर्नन या मानसशास्त्रज्ञाने तिथेच दाखवून दिले, की सरावाने आणि शिकवणीने गुण चांगलेच वाढतात. जिला जन्मजात बुद्धीचे माप म्हणत होते, तिची शिकवणी लावता येते असे कळल्यावर पालक थोडेच थांबणार! दुसरे असे की शब्द म्हणजे काही अंक नव्हेत. ते कोणाच्या तरी घरातून येतात. अमेरिकेच्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत एक समसंबंध गाजला होता : धावणाऱ्याला मॅरेथॉन, तर वल्हेकऱ्याला काय? उत्तर 'रिगाटा', म्हणजे नौकांची शर्यत. ज्यांच्या बापांचे नौकाविहाराचे क्लब, त्यांना ते सहज येई. ज्यांनी असली शर्यत पाहिली नाही त्यांची बुद्धी कमी ठरे. टीका वाढत गेली, आणि २००५ मध्ये त्या परीक्षेतून समसंबंधाचे प्रश्न काढूनच टाकण्यात आले. इथे आमची पऱ्हाटी आठवल्याखेरीज राहत नाही.

आपल्याकडेही हा विचार कोणी केला नव्हता असे नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या फ्रेंच चाचण्या इथल्या मुलांसाठी मराठीत आणि कानडीत बसवल्या. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. नुसते भाषांतर करून भागत नाही, इथल्या मुलांवर ते पारखून घ्यावे लागते, हे त्यांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. पुढे १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आमच्या अमरावतीला. त्यांच्या प्रवेशपरीक्षेत बुद्धिचाचणी आकृत्यांची, भाषेचा उतारा मुलाच्या स्वतःच्या भाषेतला, आणि किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांना. टॉमसन यांच्या मूळ हेतूशी इतके इमान फार थोड्या परीक्षांनी राखले असेल.

परंतु मोठ्या नोकरीच्या दारात गेले की पुन्हा जुनेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट आणला. त्यात उतारे, तर्क, आकडेमोड आणि इंग्रजी आकलनाचे थोडे प्रश्न होते. गुण थोडे, पण एकेका गुणावर हजारो उमेदवार मागे पडतात. शिवाय हिंदीत दिलेले उतारे इंग्रजीवरून असे ओढूनताणून केलेले, की 'स्टील प्लांट'चे 'लोखंडाचे रोप' झाल्याचा गवगवा २०१४ च्या आंदोलनात दिल्लीभर झाला. (मराठीत तर उतारे नव्हतेच, आमच्या मुलाने इंग्रजी वाचावे नाही तर हिंदी रोपे उगवावीत.) त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण धरायचे नाहीत असे ठरले, २०१५ पासून ती सारी प्रश्नपत्रिकाच केवळ ३३ टक्के मिळवून पार होण्याची झाली. आपल्या राज्य आयोगाने २०१३ मध्ये सीसॅट घेतला आणि २०२२ मध्ये तोही पात्रतेपुरता केला. ग्रामीण बँकांच्या परीक्षा २०१९ पासून आणि केंद्रीय पोलीस दलांच्या शिपाईपदाची परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते. दार हळूहळू किलकिले होते आहे. तरी वरच्या जागांसाठी इंग्रजीचा उंबरठा आहे तो आहेच.

म्हणून सराव हा करावाच लागणार. तो कसा करावा याविषयी जुन्या पाठमालेकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शब्दाची यादी पाठ करू नये, शब्दाचा संसार पाहावा. एक इंग्रजी शब्द आला की त्याचे मराठी वाक्य, मग त्या मराठी वाक्याचे पुन्हा इंग्रजी, आणि मूळ वाक्याशी ताडून पाहायचे. समसंबंध सोडवताना आधी दोन पदांमधले नाते मराठीत एका वाक्यात बोलावे : 'हे त्याचे हत्यार', 'हा त्याचा अतिरेक', 'हे त्याचे वाळल्यावर उरणारे'. वाक्य नेमके झाले, की चार पर्यायांतले तीन आपोआप गळतात. उताऱ्यात जे लिहिले आहे तेवढेच खरे धरावे, आपले शहाणपण बाजूला ठेवावे. हुशार मुले चुकतात ती बहुधा इथेच. आणि वेळ लावूनच बसावे, कारण ही परीक्षा बुद्धीइतकीच घड्याळाचीही आहे.

आता एक अवघड गोष्ट. इंग्रजीविरुद्धची आपली तक्रार रास्त आहे. पण याच जिल्ह्यात अशी घरे आहेत, जिथे मराठी हीच दुसरी भाषा. पुसदच्या तांड्यावर गोरमाटी बोलतात. गहुलीच्या तांड्यातले वसंतराव नाईक मराठी आणि इंग्रजी असे दोन उंबरठे ओलांडून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, वकील झाले आणि १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. असा एखादाच. केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडांवर कोलामी चालते, जी मराठीच्या कुळातली नसून द्राविडी कुळातली आहे. त्या पोडावरच्या मुलाने पऱ्हाटीचे भारे डोक्यावरून वाहिलेले असतात. मात्र 'खालीलपैकी विसंगत पद ओळखा' ही शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेतली आपली सोपी, शुद्ध मराठी ओळ त्याच्यासमोर येते, तेव्हा 'विसंगत' या शब्दापाशी तो थांबतो आणि पेन्सिल खाली ठेवतो.