विद्येचें दान आणि विद्येचा व्यापार

विद्या विकूं नये ही शिकवण आपल्याकडे फार जुनी. पण ती केवळ आपलीच नव्हे. १९२३ सालीं कॅनडांतील इन्सुलिनच्या शोधकांनीं आपले पेटंटाचे हक्क टोरोंटो विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरला देऊन टाकले. अर्ध्या शतकानंतर त्याच इन्सुलिननें ही शिकवण कसोटीस लावली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१९७३ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर व स्टॅनफर्डचे स्टॅन्ले कोहेन यांनीं एका जीवाचें जनुक जंतूंत रोवण्याची युक्ति सिद्ध केली. मानवी इन्सुलिनचें जनुक असें रोवलें, तर जंतूच तें औषध घडवितील. मधुमेह्यांना गुराडुकरांच्या स्वादुपिंडांवर विसंबावें लागणार नाहीं. १९७६ सालीं रॉबर्ट स्वॅन्सन या तरुणानें बॉयर यांची भेट घेतली. दोघांनीं प्रत्येकीं ५०० डॉलर घातले, आणि 'जेनेन्टेक' कंपनी निघाली.

बॉयर यांनीं प्राध्यापकपद सोडलें नाहीं. परंतु विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत खासगी कंपनीचें काम चालावें काय, असा सहकाऱ्यांनीं आक्षेप घेतला. तो निराधार नव्हता. डेव्हिड गोडेल, डेनिस क्लाइड यांसारखे तरुण संशोधक तर कंपनीच्या नोकरींतच शिरले. कारखान्यांत गेलेला शास्त्रज्ञ मुका होतो, अशी तेव्हांची समजूत. येथें मात्र आधीं पेटंटाचा अर्ज करून नंतर संशोधन प्रसिद्ध करण्याची मुभा होती. तरुणांना ओढून नेणारें खरें आकर्षण केवळ पगार नव्हे, तर हेंही होतें.

हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट याच शर्यतींत होते. १९७८ सालीं जेनेन्टेकनें 'सिटी ऑफ होप' संस्थेच्या संशोधकांसह बाजी मारली. १९८० सालीं कंपनीचा शेअर ३५ डॉलरला निघाला, तो त्याच दिवशीं ८८ पर्यंत चढला. १९८२ सालीं एली लिली कंपनीच्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेंत परवानगी मिळाली. पुढें गिल्बर्टही हार्वर्ड सोडून बायोजेन कंपनीचे प्रमुख झाले, आणि कांहीं वर्षांनीं परतले.

औषध आलें, हें या स्थलांतराचें श्रेय. पुढें अमेरिकेंत इन्सुलिन इतकें महाग झालें, कीं कांहीं रुग्णांनीं मात्रा कमी करून दिवस काढले. ती करणी प्रयोगशाळेंतील माणसांची नव्हे. पण एका डॉलरला हक्क देणाऱ्यांची आठवण अशा वेळीं होतेच. शास्त्रज्ञानें कंपनींत जावें कीं नाहीं, हा वाद आतां जुना झाला. जातांना त्यानें रुग्णाचा कोणता हक्क राखून ठेवावा, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं.