किनाऱ्यावर कोण उभे होते?

वाचकहो, येत्या एकादशीला नातवंडांच्या पुढ्यात साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवाल, तेव्हा त्या बशीकडे जरा निरखून पाहा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपण हसत म्हणतो. पण त्या खाण्यातले बहुतेक जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी आपल्या एकाही पूर्वजाने पाहिलेले नव्हते. आजचा साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलम परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा, मिरची, बटाटा हेही अमेरिका खंडांतलेच. यांतले बरेच काही पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागले.

‘बटाटा’ हा शब्दच घ्या. आपल्याला तो पोर्तुगीजांकडून मिळाला, त्यांना स्पॅनिशांकडून आणि स्पॅनिशांना कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून. ताइनोंच्या बोलीत त्याचा अर्थ होता आपले रताळे. प्रवासात अर्थ सरकला आणि तो शब्द अँडीज पर्वतातून आलेल्या दुसऱ्याच कंदाला चिकटला. ताइनो भाषा आज घरीदारी बोलली जात नाही, पण तिचा एक शब्द आपल्या स्वयंपाकघरात रोज उच्चारला जातो. मराठी मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी ही गोष्ट सहज विसरता येऊ नये.

शाळेत आपण सगळेच एक वाक्य शिकलो: कोलंबसाने १४९२ साली अमेरिकेचा शोध लावला. तेच आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मूल चौकस असेल तर विचारते, “आजोबा, तिथे आधीच माणसं राहत होती ना? मग शोध कसा?” आपण बहुधा “युरोपातल्या लोकांना माहीत नव्हतं म्हणून” असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ते सारी गोष्ट जहाजावरून सांगते. तीच गोष्ट मुलांना एकदा किनाऱ्यावरून सांगावी, एवढेच माझे मागणे आहे.

१२ ऑक्टोबर १४९२. बहामा बेटांपैकी एका बेटावर कोलंबस उतरला. बेटाला आधीच नाव होते: ग्वानाहानी. त्याने त्याचे सान साल्वादोर केले. आपण आशियाच्या पूर्वेकडील ‘इंडीज’ला पोहोचलो अशी त्याची समजूत होती, म्हणून तिथल्या माणसांना त्याने ‘इंडियन’ म्हटले. आपल्या देशाचे नाव असे चुकून परक्यांच्या कपाळी बसले आणि शतकानुशतके बसून राहिले. त्याने बरोबर आणलेला दुभाषा लुइस दे तोरेस याला अरबी आणि हिब्रू येत होती. या किनाऱ्यावर दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

किनाऱ्यावरची माणसे कशी होती? ती शेतकरी होती. मातीचे उंचवटे करून त्यांत कंद लावत. टॅपिओकाच्या कडू जातीत विष असते. तो कंद किसून, विणलेल्या लांब नळीत पिळून, रस काढून टाकून, त्याची भाकरी भाजण्याची विद्या त्यांच्याकडे होती. झोपायला टांगलेल्या झोळ्या होत्या. ‘हॅमॉक’ हा शब्द त्यांचाच. ‘कनू’ आणि ‘हरिकेन’ हेही शब्द त्यांचेच. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या त्यांच्या मोठ्या होड्यांत ४० ते ४५ माणसे बसत, असे कोलंबसाच्या रोजनिशीतच नोंदले आहे. गावाच्या मधल्या पटांगणात रबराच्या चेंडूचा खेळ चाले. चेंडू उसळतो हे युरोपियनांना नवल होते. त्यांच्या सरदाराला ‘कासिके’ म्हणत आणि हे पद बाईकडेही येई.

इथे मुलांना एक सवय लावता येते: हे कोणी लिहून ठेवले, असे विचारण्याची. कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली आहे. आपल्या हाती आहे तो पुढे ताइनोंच्या बाजूने उभे राहिलेल्या लास कासास या धर्मगुरूने केलेला गोषवारा. ताइनोंनी स्वतःच्या हाताने लिहिलेले काहीच नाही. म्हणजे त्यांच्याविषयी जे समजते ते आलेल्यांच्या लेखणीतून, किंवा जमिनीखाली सापडलेल्या वस्तूंवरून. त्याच रोजनिशीत पहिल्याच दिवसाच्या नोंदीत या लोकांच्या उदारपणाचे कौतुक आहे आणि हे चांगले नोकर होतील असा हिशोबही आहे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात.

त्याच वर्षी नाताळच्या रात्री ‘सान्ता मारिया’ हिस्पानिओला बेटाजवळ रुतून फुटली. तिथला कासिके ग्वाकानागारी याने आपल्या होड्या पाठवून जहाजावरचे सामान सुखरूप किनाऱ्याला आणवले. जहाजाच्या लाकडांतून एक गढी उभारून कोलंबस तिथे ३९ माणसे ठेवून परतला. पुढल्या वर्षी तो १७ जहाजे घेऊन आला तेव्हा गढी जळालेली होती आणि माणसे मेलेली.

पुढचा इतिहास कठीण आहे. पहिल्या भेटींत नवलाची वस्तू म्हणून ससाण्याच्या पायात बांधायची छोटी घुंगरे ताइनोंना वाटली गेली होती. थोड्याच वर्षांत तेच घुंगरू कराचे माप झाले: सोन्याच्या टापूतल्या १४ वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी घुंगरूभर सोने द्यायचे. १४९५ मध्ये सुमारे ५५० जणांना गुलाम म्हणून स्पेनला धाडले. त्यांतले सुमारे २०० वाटेतच मेले. अनाकाओना या कर्तबगार स्त्री-कासिकेला स्पॅनिशांनी फासावर दिले. १५११ मध्ये मोन्तेसिनोस नावाच्या धर्मगुरूने सान्तो दोमिंगोच्या चर्चमध्ये उभे राहून आपल्याच लोकांना या जुलमाचा जाब विचारला. १५१८च्या अखेरीस देवीची साथ आली आणि उरल्यासुरल्या वस्त्याही ओस पडू लागल्या.

आठ वर्षांच्या मुलाला यातले सगळे सांगावे काय? माझ्या मते फाशी आणि गुलामांची जहाजे थोडी थांबू शकतात. घुंगराची गोष्ट मात्र त्या वयातही कळते. भेट म्हणून दिलेली वस्तू पुढे वसुलीचे माप झाली, यातला अन्याय मुलाला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

दोन चुका मात्र टाळाव्यात. पहिली, ताइनोंना भोळेभाबडे रानफूल करण्याची. त्यांच्यातही उच्चनीच होते, शेजारच्या बेटांशी वैर होते, डावपेच होते. ग्वाकानागारीने पाहुण्यांना मदत केली त्यात माणुसकी असेल आणि राजकारणही असेल. दुसरी चूक ‘ते सगळे नाहीसे झाले’ असे सांगून गोष्ट संपवण्याची. २०१८ साली बहामातल्या एका गुहेत सापडलेल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या दाताची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. त्या स्त्रीच्या समाजाशी आजच्या पोर्तो रिकोतील लोकांचे नाते आढळले. तिथे आणि आसपासच्या बेटांवर आजही स्वतःला ताइनो म्हणवणारी माणसे आहेत. पाठ्यपुस्तकात ‘होते’ वाचताना त्यांच्या मुलांना काय वाटत असेल?

आता थोडे आपल्याविषयी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथली आपली अनेक घराणी होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्याबरोबर तिथे गेली. त्या घराण्यांच्या वंशावळी आणि सनदा आपण जपतो. मूळ पुरुष कोणत्या साली आला हे मुलांना सांगतो. तो आला तेव्हा तिथे आधी कोण होते, हे किती घरांत सांगितले जाते? माळव्या-निमाडातले भिल्ल, बडोद्याच्या पूर्वेकडचे राठवा हे आपले शेजारी आहेत. राठवांच्या भिंतीवरची पिठोरा चित्रे आपण दिवाणखान्यात लावतो; ती भिंतीवर काढताना घरात काय विधी होतो, हे आपल्याला ठाऊक नसते. आपली गोष्ट कोलंबसाची गोष्ट नव्हे, दोन्हींची बरोबरी करण्याचे कारणही नाही. पण आलेल्यांनी इतिहास लिहिला की आधीचे लोक त्यात देखाव्यासारखे मागे उभे राहतात, हे दोन्हीकडे दिसते.

तेव्हा एकादशीला नकाशा उघडा. ग्वानाहानीच्या जागी बोट ठेवून मुलाला ते नाव मोठ्याने म्हणायला लावा. मग बोट आपल्या गावावर आणा आणि विचारा: आपण आलो तेव्हा इथे कोण उभे होते, आणि ते या जागेला काय म्हणत होते? उत्तर तुम्हालाही येत नसेल, तर मुलाला घेऊन ज्यांना येते त्यांच्याकडे जा.