इंदूरच्या खताची हकीकत

दिवाळी सरली की मी परसातला खड्डा भरायला घेते, म्हणजे वसंतपंचमीच्या सुमारास उन्हाळी भाजीच्या वाफ्यांना खत तयार मिळते. ही रीत जगभर आपल्या इंदूरच्याच नावाने ओळखली जाते, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळले. मंडळातील पुष्कळ भगिनींनाही ते ठाऊक नसेल, म्हणून लिहिते.

1924 साली अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला आले. दरबाराने दिलेल्या 300 एकर जमिनीवर त्यांनी संशोधनसंस्था चालविली. काम मुख्यतः कपाशीचे. त्यांच्या पत्नी गॅब्रिएलबाई स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. त्याआधी बिहारात पुसा येथे दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारलेल्या जाती काढल्या होत्या, आणि 1913 साली बाईंना सरकारी शास्त्रज्ञाची जागाही मिळाली होती. 1930 मध्ये त्या वारल्या. पुढल्याच वर्षी खतावरचे पुस्तक निघाले. त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला संस्थेतील यशवंत वाड यांचे नाव आहे. साहेबांचे नाव सर्वत्र घेतात. वाडांचे क्वचित, बाईंचे त्याहून कमी. मला हे खटकते.

शेतकऱ्याची अडचण अशी की शेण बरेचसे गोवऱ्या होऊन चुलीत जाई आणि काडीकचरा वाया जाई. तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवायचा, ही युक्ती. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडीत, मग गुरांखाली अंथरीत. खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद, पण खोल अवघा दोन-तीन फूट, कारण आत हवा खेळली पाहिजे. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर घालीत. पाणी बेताचेच, साचले तर सडते, सुकले तर कुजत नाही. तीनदा परतले की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. चीनमधील शेतकऱ्यांची रीत साहेबांनी वाचली होती, इकडच्या शेतकऱ्यांची डोळ्यांनी पाहिली होती. पुढे केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत हे खत पोचले.

मी मात्र पहिल्या वर्षी ताजे शेणच वाफ्यात कालवले. हुमणी लागली, आणि दुधीचे वेल वीतभर होऊन माना टाकून बसले. सासूबाई आधीपासून सांगत होत्या, "शेण मुरू दे गं, वर राख टाक." मी जुनी समजूत म्हणून हसले. पुढे शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्या इंग्रजी पुस्तकातला भाग मला समजावून दिला. त्यात राख होतीच! कुजताना आंबटपणा येतो, तो राखेने मोडतो. तोवर सासूबाई राहिल्या नव्हत्या.

आपली माळव्याची काळी माती मोठी हट्टी. ओली असताना कुदळ घातली तर ढेकळे दगडासारखी होतात. वाफसा आल्यावरच खणावी, ढेकळे फोडून चार दिवस ऊन द्यावे, मग खत मिसळून वाफे बांधावेत. माझा खड्डा तीन हातांचाच आहे. यंदा त्यात पाच वाफ्यांचे खत निघाले. भेंडी, गवार, दोडका लावला आहे, आणि दुधी पुन्हा त्याच जागी.