खाणीच्या जमिनीचा टंच

कोल्हापूरच्या मुलुखांत रुप्याचें नांव निघालें कीं हुपरीचें नांव आपोआप ओठांवर येतें. पैंजण, वाळे आणि जोडवीं घडविणाऱ्या या गांवांत कोणताही कारागीर केवळ चकाकी पाहून माल पत्करीत नाहीं. पांढरें दिसतें तें सर्व रुपें नव्हे. म्हणून आधीं टंच काढावयाचा आणि मग भाव ठरवावयाचा, ही तेथील रीत. परंतु ज्या धरणीच्या पोटांतून धातु निघतात, ती धरणी खाणवाल्याकडून परत घेतांना समाज असा टंच काढतो काय? या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाहीं. तथापि तो बोधप्रद आहे.

हुपरीच्या काळ्या शिवारांत खाण नाहीं. मात्र याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, राधानगरी तालुक्यांत, दुर्गमानवाडच्या बाजूस सह्याद्रीच्या माथ्यावर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा दगड, खणला गेला. हा माथा म्हणजे सडा: जांभ्या दगडाचें उघडें पठार. उन्हाळ्यांत परका मनुष्य त्यास खुशाल ओसाड म्हणेल. परंतु पावसाच्या सरी पडूं लागल्या कीं त्याच दगडावर तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेचीं आसवें यांचे ताटवे उभे राहतात. जमिनींत नत्र इतकें थोडें असतें कीं सीतेच्या आसवांस सूक्ष्म जीव पकडून आपली उपजीविका करावी लागते. पातळ माती, उथळ डबकीं व कठीण जांभा, हें दारिद्र्यच त्या भूमीचें ऐश्वर्य होय. गुरांस चारा आणि पायथ्याच्या झऱ्यांस पाणी तिच्याकडूनच मिळतें. बॉक्साइट या जांभ्याच्या कवचाखालीं असतें. तें काढावयाचें तर कवच फोडावें लागतें, आणि तें घडण्यास लक्षावधि वर्षें लागलेलीं असतात.

आतां कायद्यानें या भूमीचें मोल कसें केलें तें पाहूं. १९५७ च्या खाणी व खनिजें अधिनियमाची मूळ दृष्टि खनिजांच्या विकासाकडे होती. पुढें १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनीं वरची माती वेगळी राखावी, जमीन टप्प्याटप्प्यानें सुधारावी, असें सांगितलें. वनस्पतींविषयीं नियम असा कीं, जितके वृक्ष नष्ट होतील त्यांच्या निदान दुप्पट लावावे. इतर वनस्पति मात्र शक्य तितक्या पुनः आणाव्या. वृक्षांस संख्या मिळाली. गवतास व फुलांस 'शक्य तितकें' एवढाच मोघम शब्द! सड्यावर मुळांत वृक्षच नसतील तर शून्याची दुप्पट शून्यच. आणि उत्साहानें तेथें सुरूच्या किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा उभ्या केल्या, तर कागदावर हिरवें दिसेल. सडा मात्र परत येणार नाहीं.

२००३ मध्यें खाण बंद करण्याचा आराखडा व त्यासाठीं आर्थिक हमी देणें आवश्यक ठरलें. ८ जानेवारी २०२० रोजीं सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानें आणखी एक पाऊल टाकलें. खाणकाम संपल्यावर पट्टेदारानें स्वखर्चानें जमिनीवर पुनः गवत उगवून ती चारा, वनस्पति व प्राणी यांस योग्य करावी, अशी अट केंद्र सरकारनें घालावी, असा आदेश झाला. गवताला प्रथमच सन्मान मिळाला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु कोणतें गवत? किती जातींचें? किती पावसाळे तगलें म्हणजे पुरें? टंच काढण्याचे हे प्रश्न शिल्लकच राहिले.

अन्य देशांनीं या प्रश्नांचीं उत्तरें अंकांत दिलीं आहेत. अमेरिकेच्या १९७७ च्या कोळसाखाणींच्या कायद्यानें विविध, परिणामकारक व चिरस्थायी आच्छादनाची अपेक्षा केली. नियमांनीं तें आच्छादन मान्य मानदंडाच्या निदान ९० टक्के असावें असें ठरविलें, आणि जबाबदारीची मुदत सामान्यतः पांच वर्षें, व जेथें पाऊस वर्षाला २६ इंचांहून अधिक नाहीं तेथें दहा वर्षें ठेविली. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील बॉक्साइटच्या खाणींत एका कंपनीनें निराळी कसोटी घेतली: पंधरा महिन्यांच्या नव्या वनांत किती जाती आहेत तें मोजून शेजारच्या अस्पर्श वनाशीं तुलना करावयाची. लक्ष्य प्रथम ८० टक्के होतें, नंतर १०० झालें. खणलेली ताजी माती तत्काळ दुसऱ्या खड्ड्यावर पसरावी, कारण बीज तिच्यांतच असतें, हें त्यांच्या यशाचें एक रहस्य.

आपल्याकडेही ज्ञानाचा तोटा नाहीं. नागपूर जिल्ह्यांतील गुमगांवच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं साखर कारखान्याचें प्रेसमड, जिवाणू व मुळांशीं सख्य करणारी बुरशी यांच्या साह्यानें झाडी उभी केली. हें प्रेसमड हुपरीच्या ऊसकऱ्यास चांगलें परिचित आहे. पण तेंच औषध सड्यावर घातलें तर काय होईल? कस वाढेल, आणि जीं फुलें निकसपणावर जगतात तींच मोठ्या गवतांखालीं गुदमरतील. गुमगांवचें अमृत सड्यास विष ठरावें! सर्व खाणींस एकच माप लावणें म्हणूनच धोक्याचें.

आमच्या मतें मानदंड तीन गोष्टींवर उभा राहिला पाहिजे. पहिली, खणण्यापूर्वीं त्या जागेवरील जातींची व पाण्याच्या जागांची नोंद. दुसरी, शेजारचा न खणलेला सडा साक्षीदार म्हणून राखणें व त्याच्याशीं तुलना करणें. तिसरी, अनेक पावसाळ्यांची परीक्षा उतरल्यावांचून हमीची रक्कम मोकळी न करणें. आणि एवढें करूनही जें कवच फुटल्यावर परत येत नाहीं, त्याचा प्रश्न परीक्षेचा नसून परवानगीचा आहे. डाग वितळवून पुनः घडवितां येतो. सडा वितळवितां येत नाहीं. ज्या जागेचा टंच परत मिळण्याजोगा नाहीं, तेथें कुदळ न घालणें हाच शहाणपणाचा मानदंड होय.