बैठकीची रुंदी

कलाकेंद्रात समोर बसून ज्याने लावणीची बैठक ऐकली आहे, त्याला स्टिरिओ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. पेटी एका अंगाला, ढोलकी-तबला दुसऱ्या अंगाला, मध्ये गाणारी. घुंगरू मात्र एका जागी ठरत नाहीत, ते नाचणारीबरोबर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरतात. डोळे मिटले तरी कोण कुठे आहे ते सांगता येतं. मी जामखेडमध्येच लावण्या, जत्रेची गाणी आणि ३१ मेला चौंडीत अहिल्यादेवींच्या जयंतीला वाजणारी गाणी मिक्स करतो. कॉम्प्युटरवर आवाज रुंद करताना माझ्या कानात ही बैठकच असते. सॉफ्टवेअरने ही रुंदी नव्याने शोधलेली नाही. तबकडीने ती काढून घेतली होती, ती परत मांडायची सोय आता हाताशी आली, असं मी मानतो.

ढोलकीच्या फडात तर याची पक्की रीत आहे. शाहिराच्या मागे झीलकरी उभे राहतात, एकाच्या हाती तुणतुणं, दुसऱ्याच्या हाती मंजिरी. शाहिराने ओळ सोडली की दोघे मिळून ती वरच्या सुरात ओढतात. सूर एकच, पण गळे दोन, दम दोन, आणि ओळ उचलण्यात केसभर मागेपुढे. तेवढ्या फरकानेच आवाज ऐसपैस होतो. स्टुडिओत आम्ही याला डबलिंग म्हणतो: तीच ओळ दोनदा गाऊन घ्यायची, एक डावीकडे ठेवायची, एक उजवीकडे. दोनदा गाण्याचा जॉन लेननला कंटाळा, म्हणून १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंडने टेपवर हे आपोआप व्हावं अशी युक्ती काढली. आमच्या झीलकऱ्यांना टेप लागली नाही.

मग तबकडी आली. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यातून व्हायचं. गाणारी भोंग्याच्या तोंडाशी, जोरकस वाद्य मागे. जवळचं-लांबचं तेवढं राहिलं, डावं-उजवं गेलं. पुढे विजेचा मायक्रोफोन आला, आवाज स्वच्छ झाला, तरी वाट एकच. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. वसंत पवारांनी त्यात लावणीचं सोनं केलं, आणि तेही आपण एकाच वाटेने ऐकलं.

तोडगा मात्र केव्हाच निघाला होता. ॲलन ब्लुमलाइन हा ईएमआयचा इंजिनिअर, म्हणजे ज्या एचएमव्हीच्या तबकड्या आपल्या घरांतून वाजल्या, त्याच घराण्यातला. नट पडद्यावर चालत जातो आणि आवाज जागचा हलत नाही, हे त्याला सिनेमा पाहताना खटकलं, असं सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीत डावा आवाज, दुसरीत उजवा. सुई आडवी हलली की दोन्हींची बेरीज, उभी हलली की वजाबाकी. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५८ उजाडलं.

ती बेरीज-वजाबाकी आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. बेरजेला मिड म्हणतात, वजाबाकीला साइड. साइड थोडी वाढवली की गाणं दोन्हीकडे पसरतं, आणि दोन्ही बाजू एका स्पीकरवर एकत्र आल्या की साइड आपोआप कटून जाते, मिड तसाच राहतो. म्हणून गाणारी आणि ढोलकीची घुमारी मी मिडमध्ये ठेवतो, पेटी आणि घुंगरू बाजूंना. जत्रेतला भोंगा आणि हातातला साधा मोबाइल गाणं एकाच वाटेने वाजवतात. तिथे शब्द हरवला तर लावणीत उरलं काय?

नव्या पोरांना सोपी युक्ती भुलवते: एक बाजू दहा-वीस मिलीसेकंद मागे ढकलायची. हेल्मुट हासने १९४९ मध्ये दाखवून दिलं की इतक्या थोड्या अंतराने आलेले दोन आवाज कान एकच धरतो, आणि जो आधी आला त्याची दिशा खरी मानतो. हेडफोनवर गाणं एकदम मोठं वाटतं. पण पेटीची एक बाजू १० मिलीसेकंद मागे ठेवून मोनोचं बटण दाबून पाहा. ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा १००-१०० च्या टप्प्याने आवाजाला भोकं पडतात, आणि भरदार पेटी पत्र्याच्या नळीतून आल्यासारखी होते. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल कंपनीने जुन्या मोनो रेकॉर्डी याच जातीच्या युक्तीने 'ड्युओफोनिक' म्हणून विकल्या: खर्ज एकीकडे, वरचे सूर दुसरीकडे, मध्ये थोडा उशीर. जाणकारांनी तेव्हाही नाकं मुरडली होती.

खरी रुंदी कशी लागते ते आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या 'सैराट'ने २०१६ मध्ये घरोघरी ऐकवलं. अजय-अतुलने त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. तिथे वादकाची खुर्ची जिथे, तिथेच त्याचा आवाज. बैठकीचा नियमही हाच आहे.

एवढा खर्च आम्हाला झेपणारा नाही, आणि गरजही नाही. दोन माइक पुरतात. एक गाणारीकडे तोंड करून, दुसरा त्याला चिकटून आडवा, डाव्या-उजव्या भिंतींचा आवाज घेणारा. पहिला मिड, दुसरा साइड. घुंगरू डावीकडून उजवीकडे गेले की सॉफ्टवेअरमध्येही ते चालत जातात, बटण फिरवावं लागत नाही. हे काम आताच व्हायला हवं, कारण एका माइकवर भरलेल्या जुन्या कॅसेटमध्ये साइड शून्य असते, आणि शून्याला कितीही वाढवलं तरी पेटीवाला कुठे बसला होता ते कळत नाही. अदाकारीची बैठक गाणाऱ्या जुन्या बायका अजून जामखेडच्या आसपास आहेत. त्यांच्यापुढे दोन माइक लावायला एक रात्र पुरते.